अबातोकी: कंपाउंडर एक, पौंड बारा

बानाबा, १४ ऑगस्ट १९३१

ताई,

आणि नाही, मी बारीक झालेलो नाही. बोटीवरून उतरणारा प्रत्येक जण तुला तेच सांगतो, कारण तुला तेच ऐकायचं असतं. इथे बानाबा बेटावर पाणी मोजून मिळतं हे खरं, खाणीतली पांढरी धूळ भातात पडते हेही खरं. पण भात पोटभर असतो.

मागच्या पत्रात तू विचारलंस, ट्रेझरीत बसून मी दिवसभर नेमकं करतो काय. आता सांगतोच. सध्या पुढच्या वर्षाच्या बजेटचं पुस्तक तयार होतंय. हे पुस्तक तुला एकदा दाखवायला हवं, ताई. आख्खं सरकार त्यात बसलंय. सगळ्यात मोठ्या साहेबाचा पगार, त्याच्या खाली आमच्या ऑल्डिस साहेबांचा, म्हणजे ट्रेझररचा, मग डॉक्टर, मग वायरलेसवाला, आणि असं उतरत उतरत धक्क्यावर दिवा लावणाऱ्या माणसापर्यंत. प्रत्येकाला एक ओळ. माझीसुद्धा आहे: 'क्लार्क, स्थानिक, एक, पौंड चोवीस.' ती मीच टाईप केली. टाईप करून झाल्यावर दोनदा वाचली, कुणाला सांगू नकोस.

यंदा सरकारकडे पैसाच नाही. खोबऱ्याचा भाव जगभर पडलाय. साहेब लोकांचे पगारसुद्धा कापलेत. ऑल्डिस साहेबांनी आम्हाला सांगितलं, पानं चाळा आणि कुठे वाचवता येतंय ते शोधा. कुणी शाई कमी केली, कुणी मेणबत्त्या. मी एकदम बारा पौंड शोधले. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, शाबास.

ते बारा पौंड आपल्याच अबातोकी बेटावरचे आहेत. दचकू नकोस, आधी नीट वाच. मी सगळ्या बेटांच्या दवाखान्यांची रजिस्टरं काढून बसलो होतो. आपल्या तेकाई कंपाउंडरच्या रजिस्टरमध्ये वर्षभरात पेशंट किती, तर नऊ. शेजारच्या बेटावर तीनशे. मला तो तेकाई आठवतो तो होडीच्या सावलीत गळ दुरुस्त करत बसलेला. नऊ पेशंटसाठी बारा पौंड पगार? आपलं बेट म्हणून ते पान झाकून ठेवलं असतं, तर ताईनं चटया विकून मला शाळेत कशाला घातलं, असं मीच मला विचारलं असतं. सरकारी पैसा कुणाच्या मामाचा नसतो, हे तिथेच तर शिकलो.

तर १ जानेवारीपासून ती जागा बंद. डिसेंबरच्या बोटीनं तेकाईला परत बोलावतील. हे पत्र आणणाऱ्या बोटीनंच बेटांना एक सर्क्युलर येतंय. सरकार अडचणीत आहे, अमुक बेटावरची अमुक पगाराची जागा आता परवडत नाही, लोकांनी सरकारला मदत करावी, असं त्यात आहे. सही साहेबांची, पण आपल्या भाषेत ते मी लिहिलंय.

सोबत निळं कापड, चार वार. ते तुझंच आहे, वाटून टाकू नकोस. रोज सकाळी मी माझी खुर्ची पुसतो तेव्हा तुझ्या केवड्याच्या चटया आठवतात. त्यांच्यावर बसूनच इथवर आलोय.

तुझा
कोरिरी


अबातोकी, ६ ऑक्टोबर १९३१

कोरिरी साहेब,

कापड पोचलं. त्यातलं एक वार माझ्याकडे उरलंय, तेवढ्यात समाधान मान. आधी नणंदेनं मागितलं, मग तिच्या जावेनं. तिकडे राहून तुला विसर पडला असेल, पण इथे तोंडानं मागितलेलं नाकारत नाहीत.

तुझं पत्र नेहमीसारखं मनेआबात वाचलं. सगळं गाव त्या मोठ्या छपराखाली आपापल्या घराण्याच्या जागेवर येऊन बसलं होतं. सरकारच्या पुस्तकात तुझी स्वतःची ओळ आहे म्हटल्यावर तेइतूआजोबांनी तेवढं तीनदा वाचायला लावलं. चोवीस पौंड म्हणजे किती पोती खोबरं, या हिशेबात अर्धी दुपार गेली, आणि शेवटी ठरलं की इतकी पोती खोटीच असणार.

मग सर्क्युलर वाचलं. शेवटी लिहिलं होतं, 'अबातोकी, कंपाउंडर एक, पौंड बारा.' वाचून झालं. मला वाटलं, आता भडका उडतो. तेइतूआजोबा उठले. त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत, उठण्यातच एक पाइप ओढून होतो. ते म्हणाले, 'माझं पहिलं पोर रांगत होतं तेव्हा हे सरकार इथे आलं. तेव्हापासून त्यानं नुसते हुकूम सोडले. टॅक्स भरा, रस्ता झाडा, घरं एका रांगेत बांधा. आज पहिल्यांदा ते दारात येऊन म्हणतंय, माझ्याकडे नाही, मला द्या.'

खरं सांगते, त्या छपराखाली असा काही उसासा निघाला की कोंबड्या उडाल्या. सरकारनं आपल्याकडे बुबुती केली, कोरिरी. जसा भाऊ भावाच्या दारात येऊन मागतो तशी. तीही सगळ्यांसमोर, आणि किती हवेत तो आकडासुद्धा सांगून. एवढं मोठं सरकार, पण आपलं रिकामेपण त्यानं झाकलं नाही. म्हणजे आपल्याला आपलं मानलं. आता याला नाही म्हणणारा कोण निघणार?

आणि कागद आपल्या भाषेत, म्हणजे सरकारला मागायला शिकवलं कुणी, तर आमच्या कोरिरीनं. म्हाताऱ्या बायका तुझ्या नावानं डोळे पुसत होत्या.

एक्केचाळीस पोती झाली. यंदा पाऊस नाही, नारळ मुठीएवढे आहेत, तरी झाली. नेई किमाउआची झाडं तीन, तिनं तिन्हींचं दिलं. तेकाईनं स्वतः दोन पोती दिली. देताना त्याला का कोण जाणे हसू आवरत नव्हतं. मला पोती उचलू दिली नाहीत, मी सावलीत बसून त्यांची तोंडं शिवली. खलाशी पावती देत होता, आजोबांनी परत केली. दिलेल्याची पावती कसली घ्यायची?

सगळ्यांनी तुझे आभार सांगितलेत. एकेकाचं नाव लिहायचं तर कागद संपेल. ज्याच्या हातून आपल्या बेटाला हा मान मिळाला, तो सुखी राहो.

आकोई


बानाबा, ९ नोव्हेंबर १९३१

ताई,

एक्केचाळीस पोती. मी स्वतः धक्क्यावर उभा राहून मोजली, कारण बोटीवरचा कारकून म्हणत होता की यात काहीतरी चूक आहे.

ऑल्डिस साहेब स्वतः गोदामात आले. त्यांनी विचारलं, हे टॅक्सचं का. मी म्हटलं, नाही, टॅक्स कधीच भरलाय. मग दंडाचं? दंडाचंही नाही. मग कसलं?

'तुम्ही मागितलंत ना साहेब, त्याचं.'

'मी कधी मागितलं?' असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी सर्क्युलर पुढे ठेवलं. ते म्हणाले, लोकांनी मदत करावी असं लिहायची एक पद्धत असते. मी म्हटलं, आमच्याकडे ते वाचून द्यायची पद्धत असते. माझ्या तोंडून हे कसं निघालं कुणास ठाऊक. निघालं खरं.

मग मी त्यांना बुबुती समजावून सांगितली. कुणी आपलं माणूस सगळ्यांसमोर मागायला आलं, की द्यायचं. होडी मागितली तर होडी, अंगावरचं कापड मागितलं तर कापड. आणि ज्यानं घेतलं त्याच्याकडे देणारासुद्धा पुढे कधीतरी मागू शकतो, तेव्हा त्यालाही नाही म्हणता येत नाही. साहेब ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, सरकार भीक मागत नाही.

पुढे तीन दिवस पोती गोदामात आणि फाईल टेबलावर. कुठल्या हेडखाली जमा करायची हेच ठरेना. टॅक्स नाही, दंड नाही, लायसन्स फी नाही. साहेब परत पाठवायला निघाले होते. मी सांगितलं, मागून घेतलेलं परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर मारणं. तेवढं त्यांना पटलं. माल विकला, बारा पौंड सोळा शिलिंग तीन पेन्स आले, 'इतर जमा' म्हणून लिहिले. साहेबांनी सही केलेली पावती सोबत आहे. आजोबांना नको असली तरी ठेवा.

मग मी विचारलं, आता तेकाईची जागा राहील ना. साहेब म्हणाले, 'सरकारी नोकर वर्गणीवर ठेवत नाहीत. उद्या तो सरकारचा की खोबरं देणाऱ्यांचा?' ऑगस्टमध्ये मीसुद्धा अगदी हेच म्हणालो असतो.

म्हणजे खोबरंही आलं आणि तेकाईही जाणार. गेले आठ दिवस मला झोप नाही. एक सांग, तू माझं पत्र पूर्ण वाचलंस ना सगळ्यांसमोर? ते बारा पौंड मी शोधले असं मी स्वच्छ लिहिलं होतं. मग मला शिव्या का नाहीत? आभार कसले? आणि नऊ पेशंट हा आकडा खरा आहे की नाही? मी तो रजिस्टरमधून घेतलाय, मनातून नाही.

पोती उचलू दिली नाहीत म्हणजे तुझी पाठ दुखतेय वाटतं. बाम पाठवतोय, दोन डब्या. मागितला तरी कुणाला देऊ नकोस.

कोरिरी


अबातोकी, १७ डिसेंबर १९३१

कोरिरी,

बाम मिळाला. एक डबी तेइतूआजोबांच्या गुडघ्याला गेली. माझी पाठ दुखत नाही. मला सातवा महिना आहे.

तुझं या वेळचं पत्र मी मनेआबात वाचलेलं नाही आणि हेही कुणाला वाचून दाखवणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

पहिलं मूल गेलं तेव्हा तू शाळेत होतास, तुला कळवलं नाही. तेव्हा तेकाई इथे नव्हता. दुसऱ्या वेळी होता. मूल गेलं, पण मी राहिले. तीन दिवस तो माझ्या उशाशी बसून होता, आणि नंतर गावात कुणाला एक शब्द बोलला नाही. या खेपेलाही तो असेल म्हणून मी निर्धास्त होते. अशात तुझं पत्र आलं.

मोठ्यानं वाचत होते. बारा पौंडांचा भाग आला आणि मी तो गाळून थेट खालच्या निळ्या कापडाच्या ओळीवर उडी मारली. कुणाला कळलं नाही, तेवढं वाचायला इथे येतंय कुणाला. तीन दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की माझ्या नवऱ्यानं स्वयंपाक केला, आणि त्या मासळीची शिक्षाही मीच भोगली. पण तुला उभ्या गावात खाली बघायला लावायचं माझ्यानं झालं नाही. लोकांनी तुझे आभार मानले, कारण मी त्यांना अर्धंच पत्र ऐकवलं. हे आता तुझ्या-माझ्यात.

नऊ आकडा खरा आहे आणि खोटाही आहे. आपल्याकडे दुखणं कुणी लिहून देतं का? नाव आणि आजार एका कागदावर आले की ते बोटीत बसून परक्या माणसाच्या टेबलावर जातात. त्यापेक्षा मेलेलं बरं म्हणतात लोक. तेकाईला हे माहीत आहे. तो होडीच्या सावलीत बसतो ते गळ दुरुस्त करायला नाही, शहाण्या. माणूस आपला गळ घेऊन येतो, शेजारी बसतो, वारा कसा आहे ते बोलतो आणि बोलता बोलता दुखणं सांगतो. औषध गळाच्या डब्यात असतं. रजिस्टरमधले नऊ म्हणजे मिशनचा मास्तर आणि बाहेरून आलेले खलाशी. मला रजिस्टरमध्ये शोधशील तर मी नाहीये.

आता आजची गोष्ट. सकाळी बोट आली, तेकाईला न्यायला. त्याची पेटी किनाऱ्यावर आणून ठेवली होती. माणसं होडीनं खडकाच्या बाहेर बोटीपर्यंत सोडायची असतात, ते काम आपल्या माणसांचं. ते पाण्याकडे बघून म्हणाले, आज समुद्र वाईट आहे. पाणी ताटातल्यासारखं सपाट होतं. कप्तानानं भोंगा वाजवला. यांनी पुन्हा पाण्याकडे बघितलं आणि मान हलवली. बायका म्हणाल्या, लाटा बघून पोटात गोळा येतो. दोन तासांनी कप्तान कंटाळला आणि तेकाईशिवायच निघायच्या तयारीला लागला. तेकाई पेटीवर बसून नारळ पीत होता. पुढच्या महिन्यापासून त्याला पगार नाही, हे त्याला माहीत आहे. जेवण आम्ही घालू.

टपालाची पिशवी मात्र पोचवताहेत. टपालासाठी समुद्र चांगला आहे.

त्या पिशवीत एक कागद आहे. मनेआबात बसून लिहिला. पावतीवर ज्या साहेबाची सही आहे त्याच्या नावानं आहे. सरकारनं मागितलं, आम्ही दिलं. सरकारनं घेतलं, ही त्याची सही. आता आमची पाळी. आम्ही सरकारकडे तेकाई मागतो. खाली एकशे बारा अंगठे आहेत. ज्यांनी आयुष्यात कागदाला हात लावला नाही, त्यांचेही.

तुझ्यावरचा राग गेलाय. पण तो कागद त्या टेबलावर तू ठेव, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस.

आकोई


बानाबा, २५ जानेवारी १९३२

ताई,

तुझं पत्र मी गोदामामागे जाऊन वाचलं. दोनदा. पुढचं लिहिण्याआधी एक सांगतो. मला तुझं काही माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. कापड पाठवलं की आपलं काम झालं असं वाटायचं मला.

कागद मीच ठेवला. साहेबांनी तो उलगडला, अंगठ्यांकडे बराच वेळ बघितलं. काही अंगठ्यांना खोबऱ्याचं तेल लागलेलं होतं, ते कागदातून आरपार दिसत होते. त्यांनी विचारलं, यात काय म्हटलंय. मी सांगितलं. मग न विचारताच बाकीचंही सांगितलं. नऊ हा आकडा मी शोधला, शाबासकी मी घेतली, पण तो नऊच का आहे हे मी कुणाला विचारलं नाही. जिथे मी जन्मलो तिथल्याच माणसांना एक पत्र टाकून विचारलं असतं तरी कळलं असतं. माझ्या पगारातून महिन्याला एक पौंड कापा आणि त्यातून तेकाईचा पगार द्या, असंही म्हणालो. साहेब म्हणाले, खाली बस.

मग त्यांनी विचारलं, समजा सरकार याला नाही म्हणालं. तर तुमचे लोक काय करतील?

मी म्हटलं, 'काही नाही साहेब. कुणी रागवत नाही, भांडत नाही. फक्त त्या माणसाकडे पुन्हा कधी कुणी काही मागत नाही.'

त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. त्या दिवशी मला चार वाजताच घरी पाठवलं. मला वाटलं, माझी ओळ गेली पुस्तकातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर लाल पेन्सिलीनं लिहिलेला कागद होता. बजेट लंडनला गेलंय, पण त्याला दुरुस्तीचं पान जोडता येतं. त्या पानावर एकच ओळ टाईप करायची होती: 'अबातोकी, कंपाउंडर एक, पौंड बारा.' मी वर बघितलं तर साहेब दारात उभे. म्हणाले, जमेच्या बाजूला बारा पौंड सोळा शिलिंग तीन पेन्स येऊन पडलेत, दोन महिने मला त्यांचं काय करायचं कळत नव्हतं, खर्चाच्या बाजूला काहीतरी हवंच होतं. आणि ही वर्गणी नव्हे हं, पगार सरकारच देतंय, असंही बजावलं. मी हो म्हटलं. त्यांना तसं म्हणायचं असेल तर म्हणू दे, ताई. देणाऱ्यानं घेणाऱ्याकडून किती कबूल करून घ्यायचं?

पण पुढच्या वर्षी खोबरं चालणार नाही. त्यांना रजिस्टर भरलेलं हवंय. मी विचारलं, नावं नसली तर? बाईसाठी एक रेघ, पुरुषासाठी एक, मुलासाठी एक, आणि पुढे नुसतं ताप, जखम, बाळंतपण? साहेब म्हणाले, मला नावं कधी हवी होती? मला आकडा हवाय. म्हणजे इतकी वर्षं आपण लपवत होतो ते यांना नकोच होतं. तेकाईला सांग, गळाच्या डब्यात पेन्सिल ठेव.

एवढ्या टेबलांवरून फिरून तुझा कागद माझ्याच टाईपरायटरवर परत आला. ती ओळ या वेळी लगेच टाईप केली नाही. हात जोडले आधी, मग टाईप केली. मला शिव्या दिल्या नाहीस, नुसतं कामाला लावलंस, हे मी विसरणार नाही.

दिवस भरत आले असतील. बाम आणखी पाठवू का?

कोरिरी


अबातोकी, ११ एप्रिल १९३२

कोरिरीमामा,

आता तुला असंच म्हणायचं. मुलगी आहे. २६ फेब्रुवारीला पहाटे आली. पायाळू होती, तेकाईनं आत फिरवून काढली. कसं ते मी लिहिणार नाही, तू तिथे भात खात असशील. आली तेव्हा निळी होती, तुझ्या कापडासारखी. त्यानं तिला उलटं धरून दोन चापट्या मारल्या, तेव्हा जी ओरडली ती अजून गप्प नाही. रजिस्टरमध्ये त्यानं मुलाची एक रेघ आणि बाईची एक रेघ मारली आणि मला दाखवली. मी म्हटलं, जरा ठळक मार.

तेइतूआजोबा आता रोज येऊन विचारतात, आज किती रेघा. स्वतःच्या गुडघ्याची एक रोज हक्कानं मारून घेतात. तेकाई म्हणतो, या हिशेबानं पुढच्या वर्षी एकटे आजोबाच तीनशे भरतील.

तेकाईला मी सगळं सांगितलं. तूच जागा कापलीस, तेही. त्याला आवरेना इतका हसला. त्याला आधीच माहीत होतं. बोटीवरचा कारकून त्याच्या बायकोचा भाऊ, त्यानं कळवलं होतं. म्हणून तर पोती देताना हसत होता. म्हणाला, बरं झालं पोरानं लिहिलं, नाहीतर मी इथे आहे हे सरकारला कधी कळलंच नसतं. माझा सलाम सांग त्याला, म्हणाला. मी विचारलं, राग नाही? तर म्हणतो, दोन पोती खोबऱ्यात माझी नोकरी मला परत मिळाली, इतकी स्वस्त कुणाला मिळते?

बाकी कुणाला माहीत नाही. तू जुलैत सुट्टीवर येतोस ना, त्यासाठी मनेआबात नाच बसवताहेत. गाणं आजोबांनी रचलंय. बसून नाचायचं आहे, गुडघ्यांमुळे. त्यात तुझं नाव पाच वेळा येतं. 'ज्यानं सरकारला मागायला शिकवलं', असं धृपद आहे. रोज संध्याकाळी पोरीबाळी हात हलवत म्हणतात, आणि माझी लेक त्याच वेळी नेमकी रडायला लागते. मला वाटतं तिलाही माहीत आहे.

तुझे आभार मानायचे की कान धरायचे, मला अजून ठरवता आलेलं नाही. सध्या आभार मानते. ती मांडीवर आहे म्हणून.

आकोई


बानाबा, २० मे १९३२

ताई,

काल पगार झाला. रांगेत उभा होतो तेव्हा साहेबांनी बाहेरच्या बेटांच्या पाकिटांचा गठ्ठा माझ्याकडे दिला, नावं घालायला. तेकाईचं पाकीट मी शेवटी घेतलं आणि सावकाश लिहिलं. आत महिन्याचा एक पौंड. इतकं हलकं होतं की फुंकरीनं उडालं असतं. मला मात्र त्यात एक्केचाळीस पोत्यांचं वजन लागत होतं, आणि नेई किमाउआची तीन झाडं.

तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं. गाण्याचं सोडून. मीही गाळायला शिकलो. मुलगी झाली म्हटल्यावर त्यांनी टेबलाच्या खणातून बिस्किटांचा डबा काढला आणि माझ्यापुढे धरला. गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाले, तुझ्या बहिणीला कळव, मी आभारी आहे. कशाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता जुलैचं. मी रात्री पडल्यापडल्या ते गाणं कसं असेल ते म्हणून बघतो. माझं नाव पाच वेळा. सगळं गाव हात हलवत माझ्याकडे बघतंय, आजोबा धृपद धरून आहेत, तेकाई मागच्या रांगेत बसून गालातल्या गालात हसतोय. मी कुठे बघू?

मला उठून सांगावंसं वाटतंय, ताई. सरकारला मागायला मी शिकवलं नाही. मी तुमचा कंपाउंडर कापला होता, रजिस्टर बघून, तुम्हाला न विचारता. मागणारं सरकार तुम्ही तुमच्या मनानं तयार केलंत, आणि तुम्ही इतकं मनापासून दिलंत की शेवटी त्यालाही तसं वागावं लागलं. गाणं रचायचं तर त्याच्यावर रचा. आजोबा ऐकून घेतील, मला माहीत आहे. कदाचित पाचाच्या जागी एकदाच नाव ठेवतील, आणि ते मला पुरेल.

पण मी ते सांगितलं की लगेच कुणीतरी विचारणार, मग आकोईनं पत्रात वाचलं कसं नाही? म्हणजे माझ्या खरेपणाची किंमत तू देणार. मनेआबात वाचलेल्या शब्दावर गाव विश्वास ठेवतं, आणि वाचणारी तू आहेस. इथे ट्रेझरीत बसून मी एकदा तुला न विचारता खरं वागलो, तेव्हा काय झालं ते आपण बघितलं. दुसऱ्यांदा न विचारता काही करणार नाही.

म्हणून या वेळी मी मागतोय. तुझ्याकडे, अगदी दारात येऊन. मी उभं राहून खरं सांगू, की खाली मान घालून गाणं पूर्ण होऊ देऊ? तुला काय वाटतं, ताई?

कोरिरी